भरलेली नळी, विझती भट्टी

हनीफभाईंनी फुंकणी तोंडापासून दूर केली, भट्टीच्या दारातून आत डोकावून पाहिलं आणि ते म्हणाले, "ताई, आच कमी होतेय."

वल्लरीची आई हातातलं काम टाकून धावली. भट्टीतली ज्योत खरंच बुटकी झाली होती. शिरवलीच्या औद्योगिक वसाहतीत तिचा, म्हणजे नंदिनी कासार यांचा, हा छोटा काचकारखाना होता. गावोगावच्या प्रयोगशाळांना लागणारे चंबू आणि परीक्षानळ्या इथे बनत. इथली भट्टी पेटली त्या दिवसापासून कधीच विझली नव्हती. विझून चालणारच नव्हतं. आत तीन मुशींत (म्हणजे काच वितळवायच्या जाड मातीच्या भांड्यांत) पातळ काच भरलेली असे. ती थंड होऊन गोठली की मुशी तडकणार, आणि सगळ्या मुशी गेल्या की भट्टीही जायची.

"गॅस कंपनीने आपला गॅस निम्म्यावर आणलाय," आई फोन बघत म्हणाली. "पण का?"

का, ते कुणालाच माहीत नव्हतं. फोनवर मात्र निरोपांचा पाऊस पडत होता. कुणी म्हणे, गॅसचं जहाज वादळात बुडालं. कुणी म्हणे, ते भर समुद्रातच दुसऱ्या देशाला विकून टाकलं. गॅस आणणारी नळी रिकामी पडल्याचंही एकाने खात्रीने सांगितलं.

शिरवलीत बसगाड्या, रिक्षा, घरच्या शेगड्या, सगळं कधीच विजेवर गेलं होतं. मोठ्या भट्ट्या तेवढ्या अजून गॅसवर होत्या. परदेशात हा गॅस खूप थंड करून द्रवरूप करत आणि जहाजाने किनाऱ्यावर आणत. तिथे त्याचा पुन्हा वायू होई आणि पोलादी नळीतून घाट चढून तो शिरवलीला पोचे. त्या नळीचं नियंत्रण केंद्र गावाच्या कडेलाच होतं, आणि तिथे वल्लरीची मंजिरीआत्या इंजिनिअर होती.

"मंजिरीचा फोन लागत नाहीये," आई म्हणाली. वल्लरीला एका जागी उभं राहवेना. शाळेला सुट्टी होती. तिने सायकल काढली.

केंद्राच्या अंगणात खवल्या नुकताच नळीतून बाहेर आला होता. खवल्या म्हणजे नळी तपासणारा यंत्रमानव. खवले मांजरासारखं लांबट अंग, त्यावर एकावर एक पोलादी खवले. किनाऱ्यापासून शिरवलीपर्यंत तो नळीच्या पोटातून सरपटत येई आणि जागोजागचा दाब मोजत असे.

"खवल्या, नळी रिकामी आहे का रे?" वल्लरीने धापा टाकत विचारलं.

"ही माहिती मी फक्त कंपनीला देऊ शकतो," खवल्या म्हणाला.

"आमची भट्टी विझतेय!"

"मला वाईट वाटतं. पण नियम तसा आहे."

तेवढ्यात आत्या बाहेर आली. केस विस्कटलेले, कानाला दोन फोन. वल्लरीला बघून तिने दोन्ही बंद केले.

"आत्या, जहाज बुडालं?"

"छे गं. समुद्र खवळलाय म्हणून बंदराबाहेर थांबलंय. उद्या दुपारपर्यंत लागेल."

"मग तोपर्यंत गॅस नाही?"

आत्याने दाराशी टेकवलेल्या सायकलीकडे बोट केलं. "चाकाची ट्यूब दाबून बघ. हवा आहे ना? पंप काढून घेतला म्हणून ती लगेच संपत नाही. आपली नळीही तशीच आहे. ती नुसता रस्ता नाही, कोठारही आहे. आतल्या दाबाने साठलेल्या गॅसला आम्ही लाइनपॅक म्हणतो. आत्ता नळी चांगली भरलेली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या भट्ट्यांना पुरेल."

"भरलेली आहे? मग आम्हाला निम्माच का?"

"कारण सगळे घाबरलेत," आत्या पायरीवर बसली, लगेच उठली, पुन्हा बसली. "एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात, पाहिलंयस ना?"

"हो. मागून येणाऱ्या माणसांसाठी."

"आणि ती माणसं आलीच नाहीत तर? जागा रिकाम्या, आणि दारात लोक उभे. इथे तेच चाललंय. रोज सकाळी प्रत्येक कारखाना आपली मागणी नोंदवतो. जहाज अडकल्याची कुणकुण लागली आणि काहींनी गरजेच्या दुप्पट मागितलं, काहींनी चौपट. एकूण मागणी आज मिळणाऱ्या गॅसच्या दुप्पट झाली. संगणक काय करणार? त्याने प्रत्येकाच्या मागणीचा निम्मा भाग केला. ज्याने दुप्पट मागितलं, त्याला हवं तेवढं मिळालं. ज्याने चौपट मागितलं, त्याला गरजेच्या दुप्पट मिळालं. तो त्यातलं निम्मंच वापरतोय, उरलेला गॅस नळीतच पडून आहे. आणि नंदिनीवहिनीने मागितलं होतं..."

"लागतं तेवढंच," वल्लरी म्हणाली. "म्हणजे खरं सांगणाऱ्याचीच भट्टी विझणार?"

"संगणकाला खरं-खोटं कळत नाही," आत्या म्हणाली.

वल्लरीचा फोन वाजला. आई होती. मागचा आवाज नेहमीसारखा नव्हता, भट्टीची घरघर क्षीण झाली होती. "वल्ली, एक मूस तडकली. दुपारच्या फेरीत मागणी बदलता येते. मी चौपट मागतेय. दुसरा इलाजच नाही."

"आई, थांब! सगळ्यांनी तसंच केलं म्हणून तर..."

"मला कळतं गं. पण माझ्या दोन मुशी अजून शाबूत आहेत." फोन बंद झाला.

वल्लरी येरझाऱ्या घालू लागली. आई चौपट मागणार, मग शेजारचे टाइलवाले आठपट मागणार. तिला शेवट कुठे दिसेना. "आत्या, तुम्ही सगळ्यांना सांगून का टाकत नाही? नळी भरलेली आहे, जहाज बंदराशी आहे, एवढंच!"

"मी दोन वर्षं हेच म्हणतेय. आज काय होतं माहितीये? ज्या व्यापाऱ्याला बंदरावरून आधी खबर लागते, तो स्वस्तात गॅस अडवतो आणि घाबरलेल्यांना महाग विकतो. माहिती सगळ्यांना एकाच वेळी, एकसारखी मिळाली पाहिजे. यालाच माहितीची पारदर्शकता म्हणतात. पण कारखानदार नको म्हणतात. कोण किती गॅस जाळतो ते दिसलं, तर कुणाचा धंदा किती चालतो तेही दिसणार. त्यांचंही अगदीच चूक नाही."

वल्लरी थबकली. "पण नावं कशाला हवीत? रुमाल कुणाचा, ते नका सांगू. गाडीत जागा किती, अडवलेल्या किती आणि खरंच बसलेले किती, एवढंच सांगा!"

आत्याने सरळ नियामक अधिकाऱ्यांना (गॅसच्या बाजाराचे नियम पाळले जातात की नाही ते पाहणाऱ्यांना) फोन लावला. बोलणं लांबलं. आत्याचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. वल्लरीने नखं कुरतडून टाकली. शेवटी आत्या म्हणाली, "संकटकाळापुरती परवानगी मिळाली. बेरजा दाखवायच्या, नावं नाहीत. खवल्या, तुझे आकडे दे."

"आता नियम बदलला," खवल्या म्हणाला, आणि त्याचे खवले फटाफट उघडले.

प्रत्येक कारखान्याच्या पडद्यावर आणि प्रत्येक फोनवर एक फलक उमटला. नळीतला दाब. एकूण मागणी. प्रत्यक्ष वापर. जहाज कुठे आहे, ते दाखवणारा नकाशा.

पहिल्यांदा उलटंच झालं. जहाज थांबलेलं दिसताच लोक आणखी घाबरले आणि मागणीचा आकडा उसळी मारून वर गेला.

"आत्या, हे तर बिघडलं!" वल्लरी ओरडली.

"थांब. अजून त्यांनी सगळं वाचलेलं नाही."

वल्लरीला थांबवेना. तिने आईला फोन केला. "आई, जहाज बघू नकोस. मागणी आणि वापर शेजारी शेजारी ठेवून बघ!"

मग आईचा आवाज आला, "मागणी केवढी, आणि वापर... वापर त्याच्या निम्म्याहूनही कमी? मग उरलेला गॅस जातोय कुठे?"

"कुठेच नाही. नळीतच आहे. दाब बघ."

"म्हणजे मी चौपट मागून कुणाला तरी उपाशी ठेवणार होते." आईने मोठा श्वास घेतला. "हनीफभाई, मी मागणी पहिल्याएवढी करते. बाकीच्यांनी नाही केली तर आपण बुडालो."

"करा ताई," मागून हनीफभाईंचा आवाज आला.

फलकावरचा आकडा केसभर खाली आला आणि तिथेच अडला. मग तो पुन्हा घसरला. कुणीतरी, नाव माहीत नसलेल्या कुणीतरी, अडवलेला गॅस सोडला होता. मग आणखी एकाने सोडला. मग आकडा भराभर उतरत गेला आणि मागणी वापराच्या जवळ येऊन टेकली. संगणकाने वाटप पुन्हा केलं. कुणाचं काही कापायची गरजच उरली नव्हती.

फोनमधून घरघर ऐकू आली. आधी दबकी, मग भरदार. आई हसतेय की रडतेय ते वल्लरीला कळेना.

एक मूस गेली ती गेलीच. दोन वाचल्या. दुसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागलं. फलक मात्र उतरवला नाही. नियामकांनी तो कायम ठेवायचा विचार सुरू केला, आणि आत्याला त्यासाठीच्या बैठकीला बोलावणं आलं.

त्या संध्याकाळी वल्लरी पुन्हा केंद्रावर गेली. खवल्या किनाऱ्याकडे परतायला निघाला होता. नळीचं दार उघडं होतं. ती फलकावरचे आकडे पुन्हा पुन्हा बघत होती, आणि काहीतरी तिला स्वस्थ बसू देत नव्हतं.

"खवल्या, किनाऱ्यावर नळीत शिरलेला सगळा गॅस आमच्यापर्यंत पोचतो का? की वाटेत गळतो?"

"थोडा गळतो. हवेत जातो आणि पृथ्वीचं तापमान वाढवतो."

"किती? फलकावर तर दिसत नाही."

"मी दर फेरीला मोजतो," खवल्या म्हणाला. "पण ते दाखवा, असं आजवर कुणी म्हटलं नाही."

वल्लरी वळली आणि मोठ्याने हाका मारत आत धावली, "आत्या! आत्या, बैठकीत आणखी एक गोष्ट विचारायचीय!"