तीनच ताटं

बोरी बुद्रुकच्या चिमाबाई दिवेलागणीला फळीवरून जेवणाची ताटं उतरवायच्या, आणि जेवढी उतरवायच्या तेवढीच माणसं त्या दिवशी जेवायला असायची. घरची चौघं: चिमाबाई, थोरला रविंद्र, त्याची बायको प्रतीक्षा आणि धाकटा प्रबुद्ध. पण कधी सहा ताटं निघाली की प्रतीक्षा मुकाट्यानं पीठ वाढवून घ्यायची. तासाभरात दोन पाव्हणे दारात हजर! ना फोन, ना निरोप.

शेजारणी म्हणायच्या, म्हातारीच्या अंगात येतं. त्यावर चिमाबाई उसळायच्या.

"बुद्धाची दीक्षा घेतली तवा माझ्या सासऱ्यानं समदे देव गाठोड्यात बांधून कुकडी नदीत सोडले. ते आता पोहत माघारी येऊन माझ्या अंगात शिरत्यात व्हय? हाताला कळतं, बास!"

प्रतीक्षा शाळेत गणित शिकवायची. वर्षभर तिनं वहीत रोजची नोंद ठेवली. एकही चूक सापडली नाही, तरी प्रतीक्षा हटायला तयार नाही.

"आत्या, उत्तर बरोबर येतं तुमचं. पण पायऱ्या कुठायत? तुम्हाला माहीत नसतं, नुसतं बरोबर येतं."

"वरीसभर पैकीच्या पैकी, तरी म्हातारी नापास!" रविंद्र हसायचा. "काय मास्तरीण हाय राव!"

माघातल्या एका संध्याकाळी चिमाबाईंनी ताटं उतरवली. तीन.

प्रतीक्षाचा भाकरी थापता हात थांबला. प्रबुद्ध ओसरीवर बसलेला. रविंद्रचं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान शेजारच्या निमगाव सावा गावात, तो अजून यायचा होता.

"आत्या... एक राहिलं."

"न्हाय गं बाय." चिमाबाई स्वतःच्या हाताकडं बघत होत्या. "तीनच."

"कोण कमी?"

"त्ये न्हाई कळत... हाताला नावं न्हाई कळत."

प्रतीक्षानं नवऱ्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बाहेर जळलेल्या पाचटाचा वास दाटला होता आणि एरवी या वेळी भुंकून जीव खाणारी कुत्री चिडीचूप होती. निमगावचा रस्ता सगळा उसातून येतो, आणि त्या उसात बिबट्या आहे हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर्षभर ती सांगत आली होती, ज्याचं कारण देता येत नाही ते माहीत असणं नव्हे. त्या हिशेबानं तिनं निवांत भाकरी भाजायला हवी होती. पण तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती धावली.

"भाऊजी, गाडी काढा!"

दोन्हीकडं डोक्याएवढा ऊस. बॅटरीच्या उजेडात पानं सळसळायची आणि प्रबुद्ध गाडी आणखी रेटायचा.

"वहिनी, आई आजवर कदी चुकली न्हाई..."

"गप बसा हो!"

कालव्याच्या वळणावर कुणीतरी गाडी ढकलत येताना दिसलं. रविंद्र! पंक्चर झालेली गाडी, मोबाईलची बॅटरी संपलेली, तोंडावर तेच हसू. प्रतीक्षानं आधी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, मग रडली, मग हसत सुटली. घरात शिरता शिरता ओरडली, "आत्या, चुकलात! आज पहिल्यांदा चुकलात!" दुसऱ्याच्या चुकीचा एवढा आनंद तिला उभ्या जन्मात झाला नव्हता. चौथं ताट तिनं स्वतः उतरवलं.

माणशी दोन भाकरी आणि बोंबलाचं झणझणीत कालवण. प्रबुद्धनं वहिनीच्या धावण्याची नक्कल केली, रविंद्रला ठसका लागला. चिमाबाईही हसल्या, पण एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

हसण्याच्या भरात, कुठलं कुणाचं ते न बघता, ताटं एकावर एक रचून प्रतीक्षा मोरीत आली. तीन ताटं कालवणानं माखलेली. चौथं कोरडं ठणठणीत, फळीवरची धूळसुद्धा तशीच. ती उठून दुरडीपाशी गेली. दुरडीत दोन भाकरी उरल्या होत्या.

तिनं स्वतः वाढलं होतं. चौघांना जेवताना बघितलं होतं.

"कोण जेवलं नाही...?" तिनं हळूच विचारलं.

"पोट फुटाय आलंय!" रविंद्र म्हणाला. "माझं बी," प्रबुद्ध. "झालं गं बाय," चिमाबाई. आणि तिचं स्वतःचंही पोट भरलेलं होतं.

याला आता चार महिने झाले. सगळं छान चाललंय. रविंद्रनं दुकान वाढवलं, प्रबुद्धचं लग्न ठरतंय, घरात वाद म्हणून उरला नाही. चिमाबाई रोज तीन ताटं उतरवतात, चौथं प्रतीक्षा गुपचूप ठेवते. दुरडीत रोज दोन भाकरी उरतात, त्या कुत्र्याला जातात. तिनं घरात एक नवा नियम मात्र केलाय. मोरीतला बल्ब काढून टाकलाय आणि तिथं पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवलंय. जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट अंधारातच त्यात बुडवायचं, म्हणजे कोरडं कुणाचं ते दिसायला नको. स्वतःचं ताट बुडवतानाही ती खाली बघत नाही.