पितरांतली गाडी

“पितरांत गाडी दारात आणलीस ना जितेश, तर माझं मेलेलं तोंड बघशील!”

शांतीबाईंचा आवाज माजघरातून थेट अंगणात गेला आणि चुलीपाशी पितरांच्या पानासाठी वडे तळणाऱ्या रोहिणीचा हात जागच्या जागी थांबला. आज तिच्या नवऱ्याची, हिरामणची, तिथी. एवढ्या एका दिवसापुरती ती रोह्याजवळच्या वरसेहून पेणला सासरी येई, पान वाढी आणि संध्याकाळच्या एसटीने मुकाट परत जाई. हिरामण अपघातात गेला त्याच दिवशी याच सासूनं तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हटलं होतं... आणि ज्या दिराला तिनं स्वतःच्या ताटातला घास काढून वाढवलं, तो जितेश तेव्हा खाली मान घालून नुसता उभा राहिला होता! ते शल्य तिच्या काळजात अजून सलत होतं. पण बाई अशी, की त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

पेच मात्र खराच होता. डोलवीच्या कंपनीत माणसांची ने-आण करायला गाडी लावायचं काम जितेशला मिळालं होतं. एक तारखेला गाडी हजर हवी, नाहीतर काम दुसऱ्याला! आणि घटस्थापना तीन तारखेला. शिवाय नवरात्रात शोरूमला जी रीघ लागते, तिच्यात सवलत मागणाऱ्याकडे कोण ढुंकून बघतो? पूर्ण किंमत तर जितेशच्या ऐपतीबाहेरची. इकडे त्याच्या बायकोला, दिपिकाला, सातवा महिना. पितृपक्षात घेतलेल्या वस्तूचा दोष त्या पोटातल्या जिवाला लागेल, या भयानं म्हातारी कासावीस झाली होती. तिला तरी काय म्हणावं?

“वहिनी, तू चल ना शोरूमला,” जेवणं उरकल्यावर जितेश हळूच म्हणाला. “नुसती चौकशी करू. मला भाव करता येत नाय. त्यांनी थंड पाणी पाजलं की मी सही करून मोकळा होतो.”

रोहिणीनं पदराला हात पुसले आणि निघाली. कुठला राग नि कुठलं काय!

आणि काय वर्णावा त्या माउलीचा रुबाब! वडखळच्या रस्त्यावरच्या त्या काचेच्या शोरूममध्ये ती दाराबाहेर चपला काढून शिरली. जितेश एका पांढऱ्या गाडीपाशी जाऊन “हीच!” म्हणणार, तोच तिनं त्याला असा चिमटा काढला, की बिचारा दंड चोळत बसला.

“रंग बरा हाय,” ती तोंड वाकडं करून म्हणाली. “बघू, रोह्याला पण एक बघून ठेवलीय.”

आदर्श नावाचा तिथला पोरगेलासा विक्रेता हप्त्याचं गोड गणित सांगू लागला. रोहिणीनं त्याला हातानंच थांबवलं. “हप्त्याचं मागाहून. रस्त्यावर येईपर्यंत सगळी मिळून किती, ते आधी सांगा. आणि हे पॉलिश कशाला? गाडी नवीच हाय ना?”

“ते पॅकेजमध्येच असतं ताई.”

“मग पॅकेज राहू द्या. विमा बाहेर स्वस्त मिळतो, तेवढ्यातच बसवा. चटया तेवढ्या फुकट घालाल ना?”

आदर्शला हसू आवरेना. एवढ्या मायेनं लुटणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलंच नसावं! रोहिणीनं सभोवार नजर टाकली. “एवढं मोठं दुकान, आणि माणसं आम्ही दोघंच?”

“पितृपक्ष ना ताई... महिना संपत आलाय, टार्गेट तसंच पडलंय.”

“म्हणजे तुम्हाला आमची गरज, आम्हाला तुमची. आता बोला खरा भाव.”

भाव काही तिला पटेना. ती उठली, नमस्कार केला, दाराबाहेर जाऊन एक चप्पल पायात घातली... दुसरी घालेपर्यंत आदर्श साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन धावत परत आलासुद्धा! भाव जितेशच्या आवाक्यात आला होता. अट एकच: बिल आणि गाडी, दोन्ही याच महिन्यात.

जितेशचा चेहरा खर्रकन उतरला. “नको वहिनी. आई म्हणते ते खरं झालं तर? माझ्या बाळाला काय झालं तर?”

ज्याच्या नावावर वस्तू त्याच्यावर दोष, असं रोहिणीही लहानपणापासून ऐकत आली होती. आणि खोटं कशाला बोला, तिचाही त्यावर विश्वास होता! तरीही तिनं आत येऊन टेबलावरचं पेन उचललं.

“गाडी माझ्या नावावर करा.”

“वहिनी! अगो, तुला काय झालं तर?”

“मला आणखी काय व्हायचं राहिलंय, भाऊजी?” ती हसली, पण डोळे भरून आले होते. “बाळ सुखरूप घरी आलं, की नाव बदलून घ्या.”

चार दिवसांनी पांढरी गाडी अंगणात आली; ताबा घ्यायच्या सहीसाठी वरसेहून आलेली रोहिणीही पिशवी घेऊन तिच्यातून उतरली. शांतीबाई पायरीवर उभ्याच होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत जितेश घाईघाईनं म्हणाला, “आई, गाडी माझी नाय. वहिनीच्या नावावर हाय.”

त्याला वाटलं, म्हातारी निवळेल. झालं भलतंच!

“हिच्या नावावर?” शांतीबाई पुढं आल्या. “माझा एक लेक खाल्लास, आता दुसऱ्याच्या घामाची गाडी गिळायला आलीस व्हय गो?”

रोहिणीच्या हृदयाच्या जणू चिंधड्या झाल्या. खाली वाकून तिनं आपली पिशवी उचलली आणि फाटकाकडे वळली.

“बस कर आई!” जन्मात पहिल्यांदा जितेशचा आवाज चढला. “तेव्हा मी गप्प राहिलो, आज नाय राहणार! दोष लागलाच तर तिला लागावा, माझ्या बाळाला नको, म्हणून नाव लावलंय तिनं! पैसे माझे, भाव तिनं केला, आणि संकट पण तिनंच अंगावर घेतलं. ऐकतेस ना तू?”

शांतीबाई रोहिणीकडे वळल्या.

“रोहिणी... खरं हाय हे?”

रोहिणी पाठमोरीच थांबली. “आई, सही करताना मी पण भ्याले. मग वाटलं, या घरातला पितर कोण? तुमचा हिरामणच ना? लहान भावाला ज्यांनी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, ते त्याच्या लेकराचं वाईट करतील? आणि रागावलेच, तर माझ्यावर रागावू देत. मी काढीन त्यांची समजूत...”

म्हातारी धडपडत पायऱ्या उतरली आणि सुनेला तिनं अशी घट्ट मिठी मारली, की दोघींच्या हुंदक्यांतला कोणाचा कुठला, ते कळेना.

“माझा हिरामण इतका ओळखलास गो... आणि मी आई असून त्याला भ्याले! तुला नको नको ते बोलले. मला माफ कर पोरी!”

शांतीबाईंनी स्वतः आत जाऊन हळदकुंकू आणलं, भर पितृपक्षात बॉनेटवर स्वस्तिक काढलं. दिपिकाला हाक मारून दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, “चल जितेश, वरसेला. तिचं सामान घेऊन येऊ. माझी थोरली सून यापुढं हितंच राहील.”

डोळे पुसत रोहिणी सवयीनं मागच्या दाराशी गेली. शांतीबाईंनी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं, पुढचं दार उघडलं आणि दटावून म्हणाल्या,

“तिथं मी बसते. तू हितं पुढं बस... घरची मालकीण हायस ना गो तू!”