कोडोलीच्या गुऱ्हाळातली शांतता

कोणीही बोलत नव्हते.

पाचसहा माणसे ओसाड गुऱ्हाळात खिळल्यासारखी उभी होती. भरदुपार. हेडफोन माझ्या कानांवर. आणि ती शांतता... जरा अधिकच खोल होत चाललेली.

यातले काहीही मी रचलेले नाही. मागच्या फेब्रुवारीत, कोडोलीच्या पुढे, आमच्या चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी हे घडले. पटत नसेल तर चित्रपट यूट्यूबवर फुकट आहे. स्वतः ऐका.

प्रत्येक जागेची शांतता आम्ही स्वतंत्र ध्वनिमुद्रित करतो. संवादांमधल्या फटी तिनेच भरायच्या असतात. स्टुडिओ न परवडणाऱ्यांना तिचाच आधार.

आधी उसाच्या पाल्याची सळसळ आली. दूरवर होला पक्षी घुमत होता.

मग... दोन्ही थांबले.

मग ऊस पिळला जातानाची करकर.

मी वर पाहिले. ऊस पिळायचा चरक केव्हाच भंगारात गेला होता. फरशीत फक्त गंजलेले बोल्ट उरले होते.

आणि अगदी कानाशी एक बाई म्हणाली...

"चरक थांबवा की वो."

मी हेडफोन ओढून काढले. बाकी कोणालाच काही ऐकू आले नव्हते. आमची दिग्दर्शिका संयोगिता वैतागली. नीट चाललेले बिघडवलेस म्हणाली. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले आणि ध्वनिमुद्रण मागे नेले.

तिने ते दोनदा ऐकले. मग सामान आवरायला सांगितले.

राजारामपुरीतल्या आमच्या खोलीवर संकलन करताना मी त्या बाईचा आवाज पुसला. सहज पुसला गेला.

पण त्याच्यासोबत वारा गेला. होला गेला. नटांचे संवाद गेले. पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत चित्रपट मुका झाला.

तिचा आवाज परत ठेवला, की सगळे परत.

पुन्हा पुसले...

पुन्हा मुका.

या चित्रपटात संयोगिताची दोन वर्षे गेली होती. एकही थिएटर तिला दारात उभे करत नव्हते. ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, "राहू दे तिला. तिचं कुणी ऐकलं न्हाय, आपलंबी कुणी ऐकलं न्हाय. आता दोघी मिळून बोलू."

आम्ही चित्रपट यूट्यूबवर टाकला. तिकीट नाही. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा, गावात पडदा बांधून दाखवावा, असे खाली स्पष्ट लिहिले.

लोक विचारू लागले, ती बाई कोण?

एकाने लिहिले, माझ्या फोनचा आवाज बंद होता...

तरी ती ऐकू आली.

तेव्हापासून शांतता ध्वनिमुद्रित करताना मी डोळे मिटायचे सोडले.

काही दिवसांनी गुऱ्हाळाचे मालक विजयसिंह आमच्या खोलीचा जिना चढून आले. गावाचे नाव होईल म्हणून जागा त्यांनीच हौसेने दिली होती. आज मात्र चहाला हात लावला नाही. त्या आवाजाने घरात बायकापोरे जेवत नाहीत म्हणाले. तेवढा तुकडा कापा, नाहीतर पिच्चर खाली घ्या म्हणाले.

संयोगिता शांतपणे म्हणाली, "काढणार न्हाय. आणि काढून उपयोगबी न्हाय, दादा. उचगावात परवा चौकात दाखवलाय. कुणाकुणाचा फोन हिसकावून घेणार तुम्ही?"

त्यांचा आवाज चढला.

"झुंबरबाईला आता बोलती करून तुमाला काय मिळणार हाय?"



आमच्या चित्रपटात त्या नावाचे पात्र नव्हते. ते नाव आम्ही कधी ऐकलेही नव्हते.

विजयसिंह आपल्याच शब्दांकडे पाहत असावेत, तसे थिजले.

संयोगिता उठली. त्यांच्यासमोर, हाताच्या अंतरावर येऊन उभी राहिली.

"ती ओरडत हुती, तवा चरकाच्या बटणापाशी कोण हुतं, दादा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले.

मग पायात चपला सरकवल्या, आणि कठड्याला धरून, एकेक पायरी, खाली उतरत गेले.