पेरूच्या गाडीपुढचा चढ

यवतेश्वरच्या घाटात पेरूची गाडी दिसली रे दिसली, की सुलभा शिंगट्यांच्या सायकलचा गिअर कट्‌कन खाली यायचा. आपोआप! साताऱ्यात आता घरटी असली एक तरी सायकल होती. मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये, लिंबाएवढा मेंदू. तुमचे पाय कुठं किती जोर लावतात, कुठं दमतात, ते रोज टिपणार आणि गिअर आधीच बदलून ठेवणार. म्हणून तर आयुष्यभर फक्त शिलाई मशीन चालवलेल्या सुलभाताई चोपन्नाव्या वर्षी सायकलवर बसल्या.

पण त्या गाडीपाशी गिअर इतका हलका व्हायचा, की पाय गरागरा आणि सायकल गोगलगाय. बाई उतरायच्या, पेरू खायच्या, घरी.

आणि परवा भर हळदीत जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रविवारी आम्ही बायका वर नाष्टा करतो. तुझा डबा पेरूवाल्याकडं ठेवू का गं?"

झालं! "या रविवारी वर आले नाही, तर सायकल विकून टाकीन!"

शनिवारी सायकल यास्मिन मुजावरच्या दुकानात. पंचविशीची पोरगी, पण सायकलींची डॉक्टरच.

"बिघडलाय बघ गिअर. मला म्हातारी समजतो मेला."

यास्मिननं फोनवर हबच्या नोंदी उघडल्या आणि फिस्सकन हसली. "मावशी, तिथं चढच नाही! सपाट वळण आहे ते."

"मग?"

"चाळीस वेळा गेलात, चाळीस वेळा तिथंच उतरलात. यानं काय शिकावं? बाई इथं दमतात."

"अगं, पहिल्या दिवशी मी पेरू खायला उतरले होते!"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

सुलभाताई पदरानं सीट पुसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुढचा चढ बघूनच उतरल्या होत्या, हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

"हाताचा गिअर बसवून देऊ?"

"मला कुठं कळतंय त्यातलं? राहू दे. यालाच शिकवते."

रविवारी सकाळी पेरूवाले गजाभाऊ ओरडले, "ताई, कापून ठेवलाय!"

"तुम्हीच खा!"

कट्‌. गिअर खाली. पाय गरागरा. काठी टेकत फिरायला निघालेले एक आजोबासुद्धा पुढं गेले हो! पण बाई उतरल्या नाहीत. दात आवळून, घामानं डबडबून, गाडी मागं टाकलीच. वळण संपलं.

समोर खराखुरा चढ, वर जाऊबाईंचं पिवळं हेल्मेट.

आणि गिअर? गप्प. हँडलवरच्या पट्टीवर अक्षरं उमटली: "चढ दिसतोय. तुम्ही किती ओढाल, माहीत नाही. गिअर कोणता? एक ते आठ."

सुलभाताई बघतच राहिल्या. इतके दिवस यानं ठरवलं, आज हा त्यांनाच विचारत होता!

"तीन!" त्या ओरडल्या आणि पेडलवर उभ्या राहिल्या. चुकला तर चुकला. बदलता येत नाही का?