उपरण्याखालचा सौदा

अमरावतीच्या कापूस बाजारात त्या सकाळी बैलगाडीच्या चाकावरची गोल पट्टी, म्हणजे धाव, एकटीच फिरायला निघाली होती. लोखंडाची असती तर कुणी मानही वर केली नसती. पण ही होती चांदीची... उन्हात चकाकत, गाड्यांच्या रांगेतून वाट काढत, पेंड खाणाऱ्या एका बैलाला वळसा घालून ती गेली ती थेट कापसाच्या ढिगावर उभं राहून वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका तरुणाच्या घोट्यावर आदळली. तरुण कापसात गडप झाला. वर राहिला फक्त वर्तमानपत्र धरलेला हात.

धावेच्या मागे धापा टाकत रुख्मी आली.

"लागलं काय जी?"

"लागलं," ढिगातून आवाज आला. "पन चांदीचं लागलं. घरी सांगाले बरं."

मग डोकं वर आलं. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, मिशी आधीच विरळ, ती तर पार पांढरी. रुख्मीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला, पण डोळे काही झाकता आले नाहीत. त्यानं ते डोळे पाहिले आणि बाजाराला वाचून दाखवत असलेली बातमी कुठवर आली होती, तेच विसरला.

त्याचं नाव किसन. अकोल्याजवळच्या शेतकऱ्याचा पोरगा, शाळा शिकलेला. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेत लढाई जुंपल्यापासून तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. म्हणून त्या लढाईची बातमी वाचून दाखवायला व्यापाऱ्यांनी किसनला ठेवलं होतं. सगळे त्याला मास्तर म्हणत.

आणि धाव होती रुख्मीच्या बापाची, खुशालरावाची. एवढ्या पैशाचं करायचं काय हे न सुचून त्यानं गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या होत्या. चांदी पडली मऊ. गाडी काळ्या मातीतून गेली की धाव सैल व्हायची आणि कुठंतरी पळ काढायची. तिला धरून आणायचं काम रुख्मीचं.

त्या दिवसापासून धाव जरा जास्तच पळायला लागली. आणि दर वेळी कापसाच्या त्याच ढिगाकडे... आता याला धाव तरी काय करणार?

"मास्तर," एकदा रुख्मीनं विचारलं, "हे अमेरिकेतले लोक भांडून काहून राहिले?"

किसन चपापला. बाजारात आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. लढाई कधी थांबेल एवढंच सगळे विचारत, आणि थांबू नये म्हणून देवाला साकडं घालत. खुशालरावानं तर मारुतीला अभिषेकच केला होता. पुजाऱ्यानं विचारलं, कोण जिंकावं म्हणून मागू? खुशालराव म्हणाला, "कोनीच नोको. चालू राहू दे." त्यात मारुती दक्षिणमुखी. त्यामुळे अर्धा बाजार म्हणे, देव तिकडच्या दक्षिणवाल्यांच्या बाजूचा आहे. उरलेला अर्धा म्हणे, लंकाबी दक्षिणेलेच होती, तिचं काय झालं ते आठवा.

"दक्षिणेकडं शेतात राबाले गुलाम ठेवतात," किसन म्हणाला. "मानसं. बाजारात उभी करतात, दात पायतात, भाव ठरवतात. आपण बैलाचा ठरवतो तसा."

"आन् त्याइले कोनी विचारत नाई?"

"बैलाले विचारते काय कोनी?"

धाव रुख्मीच्या मांडीवर होती, तिच्यावरचा चिखल ती नखानं खरवडत राहिली.

"उत्तरेकडं काही बाया आहेत," किसन म्हणाला, "त्या म्हणतात, गुलामाच्या हातचा कापूस आमी अंगाले लावनार नाई. सभा भरवतात. लोक अंडे फेकून मारतात, तरी भरवतात."

"माह्या बाबाले हे सांगू नोका. आता अंड्याच्या भावावर नजर ठेवतीन." मग खाली बघून, हळूच ती म्हणाली, "शेंदूरजन्याचे रामराव येऊन राहिले... त्याइच्या पोरासाठी मले मागाले. त्याइच्या नांगराचा फाळ चांदीचा हाये म्हनतात."

किसननं हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तुले विचारलं कोनी?"

"बैलाले विचारते काय कोनी?" ती म्हणाली, आणि धाव उचलून चालायला लागली.

तेव्हा चाल अशी होती की मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला पैसे, म्हणजे देज, द्यायचं, आणि देज किती ते बसून ठरवायचं. खुशालराव आणि रामराव, दोघांनाही ठरवण्याची एकच रीत ठाऊक होती, कापसाची. भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून काय ते सांगायचं. पंजात पंजा पक्का बसला की दलालानं उपरणं उचलायचं. मग तो सौदा ब्रह्मदेवालाही मोडता येत नसे.

दोन्ही व्याही बाजारातच बसले. अडचण एकच. आदल्या दिवशी धाव बसवताना खुशालरावाच्या दोन्ही हातांची बोटं तिच्याखाली आली होती आणि वांग्यासारखी सुजली होती.

"पोरीले बोटं समजतात," खुशालराव म्हणाला. "लहानपनापासून गाडीवर संग असते. बस वं, पोरी, घाल हात."

पोरीलाच तिचा भाव करायला बसवतो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. रामराव मात्र बिचकला. "सुनेच्या हाताले सासऱ्यानं हात लावाचा? शोभते काय?"

दलाल नत्थुजीचा हात चालला असता, पण नत्थुजीला खरूज झाली होती. शेवटी सगळ्यांच्या नजरा मास्तरवर गेल्या. मास्तर ना इकडचा ना तिकडचा. शिकलेला, म्हणजे निरुपद्रवी. रामरावानं त्याच्या कानात आकडा सांगितला.

किसन तेव्हाच आलेलं टपाल काखेत धरून उभा होता. ते तसंच दाबून तो बसला. नत्थुजीनं दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं.

आत... ऊन नव्हतं, बाजार नव्हता. किसननं रामरावाचा आकडा दाबला. उत्तर नाही. पुन्हा दाबला. मग तिचं एक बोट त्याच्या तळहातावर आलं आणि नुसतं फिरलं, सावकाश... असा आकडा कापसाच्या बाजारात नव्हता.

"लय वेळ झाला," कुणीतरी म्हणालं. "पोट्टी पक्की दिसते."

"मास्तरले घाम सुटला पाहा. भाव चढून राहिला."

रामरावाच्यानं राहवेना. "काय मागते?"

किसन खरं तेच बोलला. "काईच मागत नाई."

रामरावाचा चेहरा उतरला. आयुष्यभर बाजार केलेला माणूस तो. फुकटचा माल म्हणजे खोटा माल, आतून भिजलेला. "खोट असन मंग कायतरी," असं पुटपुटत त्यानं पागोटं सावरलं आणि निघून गेला.

नत्थुजीनं सवयीनं उपरणं उचललं.

पंजात पंजा होता. पक्का.

बाजार हसला, मग सगळे खुशालरावाकडे बघायला लागले. तो लालबुंद होऊन उठला. "हा सौदा नाई. मी मानत नाई."

"मानू नोका," नत्थुजी खाजवत म्हणाला. "पन उपरनं उठल्यावर बोल फिरवला तर तुमच्या कापसाले उद्या हात कोन लावन? आन् पोट्टा तुमच्याच जातीतला हाये. पोटजातीतलाबी."

खुशालरावानं बुडत्यासारखं इकडे तिकडे पाहिलं. "मास्तर, बातमी तरी वाच. लढाई चालू हाये ना?"

किसननं एका हातानं टपाल उघडलं, दुसरा हात अजून मोकळा नव्हता. त्यानं वाचलं, आणि आवाज बारीक झाला. "लढाई संपली. दक्षिणवाले हारले. गुलाम सोडले."

पुढे भावाचं काय होणार, हे न शिकलेल्यालाही कळत होतं. खुशालराव मटकन चाकापाशी बसला आणि सुजलेल्या बोटांनी धाव चाचपायला लागला. नांगराला चांदीचा फाळ असलेल्या घरात हिला दिली असती, तर आता फाळाची चांदी मोडून खायची वेळ तिच्यावर आली असती... त्याला जरा बरं वाटलं.

"सगळे सोडले?" एकट्या रुख्मीनं विचारलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"सगळे म्हनतात. हक्क देतीन का नाई, ते पुढच्या टपालात समजन."

"पुढचं टपाल मले वाचून दाखवजा."

"दाखवीन." मग किसनला एकदम काहीतरी आठवलं. त्यानं तिचा हात सोडला. तिचा चेहरा पडला.

"आतापरेंत तुले कोनी विचारलं नाई," तो म्हणाला. "मीबी नाई. आता विचारतो... येशीन काय माह्या घरी? चाकाले लोखंड हाये आमच्या."

"लोखंड बरं," रुख्मी म्हणाली. "पळत नाई."

आणि साऱ्या बाजारासमोर, उपरणं नसताना, तिनं आपणहून हात पुढे केला.