लिओनचा फोटो कुणी नेला?

धोंडू माडावरून उतरला तो थेट पोलिसांच्या तावडीत. प्लासिदच्या घरातून त्याच्या बापाची, लिओनची, दोन युद्धपदकं आणि फोटो गेला होता. सकाळी चहाला आलेल्या धोंडूवर संशय घेऊन प्लासिदच्या मुलाने, एल्रॉयने फिर्याद ठोकली. गरिबाच्या माथी चोरी मारायला वेळ लागत नाही. धोंडूच्या लेकीचं लग्न ठरलेलं; बाप चोर ठरला की ते मोडणार, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं.

हवालदार शर्मिलाने खोली पाहिली. वेदीखालच्या, पदकांच्या पेटीचं कुलूप तोडलेलं. भिंतीवर रिकामा खिळा. वेदीवरची चांदीची मेणबत्तीदानं जागच्या जागी. सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती तेवढी भिंतीकडे तोंड करून.

"हिला कुणी फिरवलं?"

"कोणाक ठावक. पेटी फुटलेली दिसली, तेव्हा ही अशीच होती," म्हातारा प्लासिद म्हणाला.

"धोंडू या खोलीत येतो?"

"कधीच नाय. इतकी वर्सां उंबऱ्यार बसान चाय पिता."

"फोटोत काय होतं?"

"माझो बापूस. बर्म्याक लष्कराच्या पावाच्या भट्टीर होतो. अंगाक पीठ, हातात पाव."

"आजोबा लढले होते, मॅडम," एल्रॉय घाईने मधे पडला. "उद्या माझ्या होमस्टेवर 'वीर लिओन' फलकाचं अनावरण आहे. मोठे पाहुणे येतायत. जुन्या पदकांना किंमत येते, धोंडूला कळलं असणार."

अंगणात फलक झाकून ठेवला होता. शर्मिलाने कापड उचललं. रंगवलेला लिओन बंदूक रोखून उभा होता. ती आत आली आणि बापलेकाला समोर बसवलं.

"विकण्यासाठी चोरी असती तर आधी चांदी गेली असती. फोटो कोण विकत घेणार? चोराला फोटोच नाहीसा करायचा होता. पदकं नेली ती देखाव्याला. आणि परक्या चोराला सायबिणीची कसली भीती? लहानपणापासून रोज तिच्यापुढे गुडघे टेकून, जपमाळ हातात घेऊन तेर्स म्हटलेल्या माणसालाच तिच्या डोळ्यांदेखत कुलूप तोडवेना. फोटो कुठे आहे, एल्रॉय?"

एल्रॉयने मान खाली घातली. "होमस्टेच्या मागच्या खड्ड्यात. पदकं गाडीत आहेत."

खड्डा मासळीच्या घाणीचा. शर्मिलाने काठीने फोटो वर ओढला. काच फुटलेली, लिओनच्या तोंडावर बांगड्याची आतडी, त्यावर माशा. तिने नाकाला रुमाल लावला. किळस वासाची थोडी, माणसाची जास्त.

"पाहुण्यांना काय सांगू, आजोबा पाव भाजायचे म्हणून?" एल्रॉय पुटपुटला.

"आणि धोंडू?"

"पदकं त्याच्याकडे सापडली नसतीच. सुटला असता चार दिवसांनी."

चोराच्या उलट्या बोंबा तिने नोकरीत पुष्कळ ऐकल्या होत्या. इतक्या थंडपणे सांगितलेलं मात्र कधी ऐकलं नव्हतं. या माणसाशी एक शब्दही बोलू नये असं तिला वाटलं.

प्लासिदने सदऱ्याच्या टोकाने बापाचं तोंड पुसलं.

"भुकेल्यांका पाव घातल्यान, त्येची तुका लाज. धोंडूक चोर करताना नाय लाज वाटली?" तो शर्मिलाकडे वळला. "बाय, धोंडूक सोड. नवी फिर्याद घे. चोर माझो झील, ह्यो एल्रॉय."

"पप्पा, उद्या अनावरण आहे."

"म्हणान आजच लिवूक व्हया." म्हाताऱ्याने हात पुढे केला. "सही खंय करू, बाय?"