तिसरा प्रीअँप

रेडिओवाल्याचं एक ठाम मत होतं: प्रीअँप निवडणं म्हणजे स्थळ बघणं. पॉवर अँप्लिफायर कितीही खानदानी असो, त्याच्या आधी जोडलेला प्रीअँपचा डबा उथळ निघाला की संसाराचं वाटोळं. बहिणीचं स्थळ मात्र या पठ्ठ्याने डोळे झाकून पसंत केलं होतं, आणि गेल्या महिन्यात तिच्या दंडावरचा काळानिळा वळ पाहिल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. "दार लागलं रे दादा," म्हणाली होती ती. दाराला काय पाच बोटं असतात?

तोच मेहुणा आज भर दुपारी दुकानात आला. सोबत वडिलांच्या वेळचे, व्हॉल्व्हच्या काचनळ्यांचे दोन पॉवर अँप्लिफायर.

"यांना साजेसा प्रीअँप द्या. तबकड्या तेवढ्या घरी विसरल्या बघा."

"राहू द्या, जावईबापू. आधी रिकामंच ऐकायचं असतं. काही न लावता बडबडतो, तो डबा बाद."

पहिला डबा ठार मुका, बटण फिरवलं तरी खरखरसुद्धा नाही; तोही बाद. दुसरा डासासारखा गुणगुणत राहिला. तिसरा व्हॉल्व्हचा, लोखंडी, चांगला सात किलोचा. रेडिओवाल्याने त्याच्या व्हॉल्व्हवर पेन्सिल टेकवली, तशी स्पीकरमध्ये टक्क वाजलं.

"हे कसं काय?"

"जुन्या व्हॉल्व्हला कान असतात. पण ज्या खोलीत ठेवाल तिथलंच ऐकतो बिचारा, पलीकडचं नाही."

तेवढ्यात पेन्सिल न लावताच स्पीकर वाजला.

धप्प. ओल्या पोत्यावर दांडकं बसावं तसं. पुन्हा धप्प. रेडिओवाल्याने सवयीने मोजले. पाच. मग खळ्ळकन काहीतरी फुटलं, आणि बाईचा फाटलेला आवाज आला, "दादा!"

बहिणीचाच आवाज. त्यामागून एक शेवटचा ठोका. मग काही नाही.

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुठे आहे ती?" रेडिओवाल्याने विचारलं.

"घरी. घरीच असेल."

"काय केलंस तिला?"

"नवरा-बायकोत होतं कधीमधी. तुम्ही मध्ये पडू नका."

रेडिओवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसरा डबा त्याने तारांसकट उपटला. स्पीकर भोंऽ करून ओरडू लागला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानावर. मेहुणा टेबलाखाली सरपटत "अहो, ऐका तरी," म्हणाला. तिसऱ्या घावाला त्याचे दात फरशीवर घरंगळले. चौथ्याला तो बोलायचा थांबला.

पाचवा कशाला मारला, हे रेडिओवाल्यालाही सांगता आलं नसतं.

दारात खळ्ळकन काहीतरी फुटलं.

बहीण उभी होती. नवरा विसरला म्हणून तबकड्या घेऊन धावत आली होती. पायाशी त्यांचे काळे तुकडे पडले होते.

"दादा!"

तोच आवाज. तेवढाच फाटलेला. खोली हीच होती.

डब्याने आधीच ऐकवलेल्यातला एकच, शेवटचा ठोका उरला होता. पळ, असं रेडिओवाल्याला ओरडायचं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटली. डबा टाक, डबा टाक, असं तो आपल्याच बोटांना विनवत राहिला.

ती तुकडे तुडवत आत आली आणि नवऱ्यापाशी, नेमकी भावाच्या पुढ्यात, वाकली.

डबा रेडिओवाल्याच्या डोक्यापर्यंत वर गेला होता.